पाळ फुटली तरी गाव वाचावे

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्याला युद्धनौकेचे काय? परंतु या तलावांच्या जिल्ह्यातील कोहळी समाजाने एक शहाणपण पिढ्यानपिढ्या जपले आहे. तलाव परस्परांना जोडावेत, वरच्याचे जादा पाणी खालच्यात उतरवावे. मात्र एकाची पाळ फुटली तर खालची सारी ओळ धोक्यात येते, हे विसरू नये.

आधुनिक युद्धनौकाही अशीच जोडलेली असते. माझगाव गोदीत बांधलेली आणि 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस निलगिरी’ पाहा. तिची यंत्रसामग्री एकात्मिक संगणकीय प्रणालीच्या देखरेखीखाली चालते. सोय मोठी, पण सारे एकाच धाग्यात ओवले, की तो धागा तुटण्याचे भयही मोठे.

जुलै 2024 मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ला आग लागली. ती आटोक्यात आली; परंतु नंतर नौका एका कुशीवर कलंडली आणि एका नौसैनिकाने प्राण गमावले. युद्धात तर घाव बसणारच. घावानंतरही नौका तरंगते, लढते का, हीच खरी कसोटी.

म्हणूनच दोन्ही बाजूंनी स्वतंत्र वीजवाहिन्या, जलरोधक कप्पे, नियंत्रणाची पर्यायी जागा आणि संगणक थांबला तरी हाताने झडप फिरवणारा प्रशिक्षित नौसैनिक यांचा विचार आराखड्याच्या पहिल्या रेषेपासून हवा. मागाहून लावलेली ठिगळे समुद्रात टिकत नाहीत. नौका स्वदेशी आहे याचा अभिमान जरूर बाळगावा. पण पाळ पावसाळ्यापूर्वीच तपासावी लागते, हे गोंदियाचा शेतकरी जाणतो. दिल्लीनेही ते जाणावे.