आधी चौकशी, मग खरेदी

घरात कार्य निघाले की आपण यादी घेऊन पहिल्याच दुकानात शिरत नाही. रायपूरच्या गुढियारीतील ठोक किराणा बाजारात जाणारा जाणता गृहस्थ चार पेढ्यांवर आधी चौकशी करतो : माल कोठला, किती मिळेल, केव्हा मिळेल? नमुना पाहून मगच तो सौदा ठरवितो. वाचकहो, सैन्याची सामग्री घेताना सरकारलाही असेच वागावे लागते.

१९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी, नोव्हेंबरात, संरक्षण उत्पादन विभाग निर्माण झाला. नोव्हेंबर १९६५ मध्ये संरक्षण पुरवठा विभाग आला. सैन्यासाठी परदेशातून येणाऱ्या वस्तूंना देशी पर्याय मिळविणे हे त्याचे काम. पुढे दोन्ही विभाग एक झाले. शोध मात्र थांबला नाही. २०२० च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीत निविदा मागविण्यापूर्वी उद्योगांकडे माहितीची विचारणा केली जाते : ही वस्तू कराल काय? तीत देशी भाग किती? अंदाजे मोल काय? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘सृजन’ या संकेतस्थळावर आयात वस्तूंच्या याद्याही कारखानदारांपुढे ठेवण्यात आल्या.

गुढियारीपासून जवळच भनपुरी आणि उरला येथे कारखाने आहेत. तेथील एखाद्या छोट्या कारखानदाराला वाटेल, हा प्रश्न आपल्यासाठी नव्हे. परंतु कोणीच उत्तर दिले नाही, तर देशात ती वस्तू करणारा नाही असा समज होऊन ती बाहेरून येते. एकानेच दिले, तर भावाची तुलना करण्यास दुसरा उरत नाही.

रायपूरशेजारच्या भिलाईचे उदाहरण पाहा. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे खास पोलाद देशातच सिद्ध झाले. भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील सरकारी कारखान्यांनी सुमारे ३०,००० टन पोलाद पुरविले.

मात्र एक सावधगिरी हवी. विचारणा म्हणजे मागणी नव्हे. तिच्या भरवशावर कर्ज काढून यंत्रे घेऊ नयेत. उत्तर द्यावे ते खरे द्यावे : काय करता येते हे सांगावे, आणि काय येत नाही हेही सांगावे. अतिशयोक्तीने मिळविलेले काम चाचणीत उघडे पडते. आणि चाचणीतूनही निसटलेल्या उणिवेची किंमत सीमेवरचा जवान मोजतो.