चिमूटभर रबराची गोष्ट

मुरबाडकडचा माझा भाचा मागच्या महिन्यात नौपाड्याला आला तो अगदी रडकुंडीला येऊन. त्याने स्वस्तात एक जुनी परदेशी जीप घेतली होती. गिअर आपोआप बदलणारी, पायाशी क्लच नाही. तिच्यातून भाजी कल्याणच्या बाजारात जायची. पण चढावर इंजिन नुसते भणभणायचे, गाडी पुढे सरकेना. एका गॅरेजने गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवला, पैसे घेतले. चौथ्या दिवशी परत तेच.

"मामा, आता अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणतात. भाताचे सगळे पैसे त्यातच जाणार!"

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी फक्त सर्व्हो उघडला. सर्व्हो म्हणजे गोल नळकांड्यात बसणारा पिस्टन. तेलाच्या दाबाने तो पुढे सरकतो आणि आतल्या फिरत्या डब्याभोवतीचा पट्टा आवळतो. पट्टा आवळला की गिअर पडतो. दाब सुटला की स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते. हा दाब धरून ठेवते ती पिस्टनच्या कडेची रबरी रिंग. भाच्याच्या गाडीत तीच रिंग बसवताना चिरली होती. तेल गळे, पट्टा घसरे.

मिस्त्रींनी नळकांडे धुतले, आत ओरखडा नाही ना हे बोट फिरवून पाहिले. पुसायला सुती वेस्ट घेतले नाही. त्याचे तंतू तेलाच्या बारीक वाटा बुजवतात. नवी रिंग गिअरबॉक्सच्याच तेलात भिजवली, पीळ न पडू देता खाचेत बसवली आणि पिस्टन सरळ, हाताने आत सारला. हातोडी नाही. मग स्प्रिंग, झाकण दाबून धरले आणि सर्क्लिप खाचेत पुरती बसली का ते फिरवून पाहिले. अर्धवट राहिली तर झाकण उडून तोंडावर येते. शेवटी पट्ट्याचा ताण कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे लावला. जीप चढ चढली.

मंडळी, जीप तुमच्याकडे नसेल, पण ट्रॅक्टरची लिफ्ट आहे ना? तिथेही तेल, पिस्टन आणि रिंगच. इंजिन बंद केल्यावर उचललेला नांगर हळूहळू खाली बसू लागला, तर पंप बदलण्याआधी रिंग तपासायला सांगा. कधी दोष व्हॉल्व्हमध्येही असतो, पण स्वस्त वस्तू आधी पाहावी. आणि हात घालण्यापूर्वी नांगर जमिनीवर टेकवा. नुसत्या तेलाच्या भरवशावर टांगलेल्या अवजाराखाली कुणी जाऊ नये, पोराबाळांना तर मुळीच जाऊ देऊ नये.

काम झाल्यावर मिस्त्रीकडून जुनी रिंग मागून घ्या. भाच्याने ती चिरलेली रिंग खिळ्याला टांगून ठेवली आहे. म्हणतो, "मामा, पेरणीचे पैसे हिने वाचवले."