गप्पांचे भाडे

वस्तीत नवा पब उघडला की त्यावरील चर्चा बहुधा नीतीच्या अंगाने सुरू होते आणि तेथेच संपते. एक पक्ष संस्कृती बुडाली म्हणून आक्रोश करतो, दुसरा व्यक्तिस्वातंत्र्याचा हवाला देतो. समाजवादी चळवळीत दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली, त्यांना त्या आग्रहाचे मोल सांगावे लागत नाही. परंतु पबचा प्रश्न केवळ पेल्याचा नाही; तो जागेचा, म्हणजेच मालकीचाही आहे.

लोअर परळला राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या आग्रहावरून आम्ही चौघे निवृत्त अध्यापक अलीकडेच त्याच्या घराजवळच्या नव्या पबमध्ये जेवावयास गेलो. दोघांनी बिअर घेतली, दोघांनी लिंबू-सोडा. जेवण रुचकर होते, वाढणारी मुले अदबशीर होती. मात्र संगीताचा आवाज असा, की समोरच्याचे बोलणे ऐकण्यासाठी टेबलावर ओणवे व्हावे लागे. पेला रिकामा झाला की दुसऱ्याची पृच्छा होई. बिल सहा हजारांच्या घरात गेले. त्यात अन्नपेयाची किंमत किती आणि त्या चार खुर्च्यांचे भाडे किती, हा हिशेब अर्थशास्त्राच्या अध्यापकाला सुचावा हे साहजिकच होते. आम्हांला ते परवडले. आम्हांला वाढणाऱ्या मुलाला तेथे मित्रांसह बसणे परवडणारे नव्हते.

ती जमीन पूर्वी गिरणीची होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे साधारणतः तीन वाटे ठरवले होते : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य ठरवला. बागा आणि मैदाने आक्रसली. ज्या गिरणगावात कामगार खाणावळीच्या पंगतीला बसत, आणि जेथील खाणावळवाल्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेथे आता चार माणसांनी एकत्र बसायचे तर आधी खिसा चाचपावा लागतो.

याला दुसरा मार्ग नाही काय? ब्रिटनमध्ये १९१६ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, कार्लाइल आणि ग्रेटना भागातील दारूगोळा कामगारांच्या वस्त्यांतील पब आणि बिअरचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले. तेथील व्यवस्थापक पगारी असत. अधिक मद्य विकण्यात त्यांचा लाभ नसे. भर जेवणावर आणि बसण्याच्या सोयीवर होता. ही व्यवस्था अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. हीथ यांच्या हुजूर सरकारने १९७१ मध्ये कायदा करून ती मोडीत काढली व १९७३ पर्यंत पब विकले गेले. ती निर्दोष होती असे नाही. तथापि माणसांचे एकत्र बसणे आणि मद्याचा खप वाढवणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, एवढे तिने दाखवून दिले.

आपल्याकडे सरकारच या दोन गोष्टी वेगळ्या होऊ देत नाही. संविधानाचा ४७ वा अनुच्छेद राज्याला दारूबंदीसाठी प्रयत्न करण्यास सांगतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्यानुसार पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. दुसरीकडे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावरील उत्पादन शुल्क आणि विक्रीवरील कर ही राज्याच्या हाती उरलेली उत्पन्नाची प्रमुख साधने झाली आहेत. मुखी निषेध आणि तिजोरीत खपाची आस, असा हा व्यवहार आहे.

म्हणून पब बंद करा, अशी मागणी येथे करावयाची नाही. मित्रांसमवेत खाणेपिणे ही माणसाची जुनी आणि निर्मळ हौस आहे. मागणी अशी, की मद्यावरील महसुलाचा ठरावीक वाटा व्यसनमुक्तीबरोबरच वस्तीतील बैठकीच्या जागांसाठी राखून ठेवावा. रात्री दहापर्यंत उघडी वाचनालये, दिवे लागलेल्या बागा, स्त्रियांच्या सहकारी संस्थांनी चालवलेली स्वस्त उपाहारगृहे ही महापालिकेने प्रत्येक प्रभागात उभारावीत. निवडणुकीत मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपल्या वाचकांनी याचा जाब विचारला पाहिजे.