क्वार्टर मिळतं, घर करावं लागतं

मंडळी, जपानहून परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "काकू, लेकीची मजा आहे ना? अमेरिकन नेव्हीचं फुकट घर!" म्हणून हे लिहितेय.

जावई अमेरिकेच्या नौदलात आहेत. पोस्टिंग योकोसुकाला, टोकियोच्या दक्षिणेला. अमेरिकेच्या सातव्या आरमाराचं ठाणं तिथे आहे. तळावरच्या त्यांच्या घरी मी तीन महिने राहिले. घर चांगलं आहे. मोठा फ्रीज, ओव्हन, नातवाला तळावरच इंग्रजी शाळा. गेटच्या आत डॉलर, बाहेर पाऊल टाकलं की येन. घराबद्दल तक्रार नाहीच.

पण त्या तीन महिन्यांत जावई घरी होते फक्त अकरा दिवस. बाकी जहाजावर. दर दोन-तीन वर्षांनी बदली, की नातवाचे मित्र सुटले. लेक तिकडे फिजिओथेरपिस्ट होती. जपानमध्ये लष्करी करारावर राहणाऱ्या बायकोला तळाबाहेर नोकरी करायची तर जपान सरकारची वेगळी परवानगी लागते, आणि तळावरच्या जागा मोजक्याच. सध्या ती शाळेत अर्धा दिवस मदतनीस आहे. एवढं शिकून!

मला यात नवीन काही नाही. आमच्या ह्यांच्या बावीस वर्षांच्या फौजेत मी सहा क्वार्टर्स लावली. अंबाला, झाशी, गुवाहाटी... सगळीकडे तीच काळी ट्रंक, वर चादर टाकली की झाला दिवाण. लेकीनेही सामानाच्या खोक्यावर आईची जुनी साडी घालून देवघर मांडलंय. बघून हसू आलं आणि पोटात कालवलंही.

माझं म्हणणं एवढंच. सरकार अमेरिकेचं असो की आपलं, ते भिंती देतं. आपल्याकडेही २००२ पासून जवानांच्या कुटुंबांसाठी घरं बांधायची मोठी योजना सुरू झाली, चांगलंच झालं. पण त्या भिंतींचं घर करण्यात बाईची जी वर्षं जातात, ती कुठल्याच कागदावर येत नाहीत. नवऱ्याची सर्व्हिस मोजतात, पेन्शन मिळते. तिच्या बायोडेटात मात्र नुसती 'गॅप'.

सरकारचं सरकार बघेल. पण आपला सातारा जिल्हा फौजींचा. इथे आपल्या हातात काही आहे की नाही? धाकटीला घेऊन मी गावी परतले तेव्हा एका शाळेने "अर्ध्या वर्षात प्रवेश नाही" म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. तुमच्यापैकी कितीतरी जण शाळा चालवता, दवाखाने, दुकानं, पतसंस्था चालवता. फौजीची बायको मुलाखतीला आली तर "मधली सहा वर्षं काय केलंत?" असं विचारण्याआधी जरा थांबा. तिने एकटीने घर, पोरं, दवाखाना, बँक सगळं सांभाळलंय, तेही अनोळखी मुलखात. तो अनुभवच आहे, तसा धरा. आणि तिच्या पोराला वर्षाच्या मध्यातही वर्गात बसू द्या.

१५ ऑगस्टला सलाम सगळेच करतात. त्यापेक्षा हे करा. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिचं काय काय सुटलं, ते खाली लिहा. मी वाचणार आहे.