कुलवृत्तांतातील रिकामी वर्तुळे

मराठी माणसास आपल्या कुळाचा अभिमान फार. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून निघाला, कोणास कोणते वतन मिळाले, याची बाडे आपण हौसेने जमवली. विसाव्या शतकात तर कुलवृत्तांतांचे एक लहानसे साहित्यच आपल्याकडे उभे राहिले. त्यामागील चिकाटीबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु त्यांतील बहुतेक वंशवृक्ष पुरुषाकडून पुरुषाकडे जातात. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी थांबते. सून येते ती बहुधा नवे नाव घेऊन येते. आणि घरातली कोणती बाई कशाने गेली, हे तर लिहिण्याजोगे कोणास वाटलेच नाही.

जनुकीय समुपदेशकही वंशवृक्षच काढतो. त्यात पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ असते. ज्यास आजार झाला त्याचे चिन्ह भरून काढतात, जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ मारतात. मालाडची एखादी बाई अशा समुपदेशकासमोर बसते आणि तिला आजीच्या मृत्यूचे कारण विचारले जाते, तेव्हा उत्तर येते, "पोटात पाणी झालं होतं." आत्या? "पिशवीचं काहीतरी." मावशी? "तेव्हा कोणी सांगितलं नाही." चौकोन भरत जातात, वर्तुळे रिकामी राहतात. या रिकामेपणाची किंमत पुढच्या पिढीतील मुली मोजत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विज्ञान काय सांगते ते थोडक्यात पाहू. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवून दिले की काही कुटुंबांत पुन्हा पुन्हा होणाऱ्या स्तनांच्या कर्करोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक हाती लागले आणि पुढच्याच वर्षी बीआरसीए-२. सर्वसामान्य स्त्रीला आयुष्यात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एखाद-दुसरी; बीआरसीए-१ मध्ये घातक दोष असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत ती ४४ टक्क्यांच्या आसपास जाते, बीआरसीए-२ मध्ये १७ टक्क्यांच्या. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी निगडित असलेला 'लिंच सिंड्रोम' हा असाच दुसरा वारसा. त्याचा शोध एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोलण्यातून सुरू झाला. १८९५ साली अमेरिकेत पॉलीन ग्रॉस हिने डॉक्टर वॉर्थिन यांना सांगितले की आमच्या घरातली माणसे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाईन. ती तशीच गेली. पण ती बोलली, डॉक्टरांनी लिहून घेतले, आणि १९१३ साली तिच्या कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कुलवृत्तांत तो हाच!

हा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि तो आईकडून जसा येतो तसाच बापाकडूनही येतो. आपल्याकडे हे अनेक सुशिक्षितांनाही पटत नाही. बायकांचा आजार म्हटला की आईचे माहेर तेवढे तपासायचे. आत्या तर 'दिल्या घरी' गेलेली, तिचा आजार तिच्या सासरचा! जनुकांना असे माहेर-सासर कळत नाही.

"कळून करायचे काय? जे व्हायचे ते होणारच," हा पहिला आक्षेप. त्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा असला तरी आत निव्वळ आळस आहे. अंडाशयाचा कर्करोग लवकर हेरणारी भरवशाची तपासणी आज जगात कोणाकडे नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे सोनोग्राफी आणि रक्तातील सीए-१२५ यांचा प्रयोग झाला. २०२१ साली निष्कर्ष आला की त्यामुळे मृत्यू कमी होत नाहीत. म्हणजे उपनगरांत ठिकठिकाणी विकल्या जाणाऱ्या 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजने या बाबतीत मिळते ते समाधान, संरक्षण नव्हे. दोष आहे हे आधी कळले तर मात्र मार्ग आहे. मुलेबाळे झाल्यावर, बीआरसीए-१ असल्यास साधारण पस्तिशी ते चाळिशीत, बीआरसीए-२ असल्यास काही वर्षे उशिरा, अंडाशये व बीजवाहिन्या काढून घेतल्या तर धोका फार मोठ्या प्रमाणावर घटतो. ही किंमत लहान नाही; रजोनिवृत्ती अकाली येते, तिचे त्रास येतात. पण निवड त्या बाईची असते, आणि निवड करण्यास आधी माहिती लागते.

दुसरा आक्षेप असा की हे श्रीमंतांचे खूळ आहे. २०१३ साली अँजेलिना जोलीने आपल्या शस्त्रक्रियेविषयी लिहिले तेव्हापासून तो ऐकू येतो. यात तथ्य एवढेच की ही चाचणी बराच काळ मुद्दाम महाग ठेवली गेली. एका अमेरिकन कंपनीने या जनुकांवर पेटंट घेतले होते. जून २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात असलेल्या जनुकावर मालकी सांगता येत नाही असा निर्णय दिला, आणि चाचणी स्वस्त होत गेली. जे महाग आहे ते स्वस्त करा असे म्हणावे, की ते गरिबांच्या कामाचे नाही असे म्हणावे? दुसरे वाक्य उच्चारणारे स्वतः क्वचितच गरीब असतात.

तिसरा आक्षेप आम्ही सर्वांत गंभीर मानतो. बीड जिल्ह्यात काय घडले? २०१९ साली शासनाच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील कित्येकींना कर्करोगाचीच भीती घातली गेली होती. अशा राज्यात अवयव काढण्याला आणखी एक शास्त्रीय निमित्त द्यावे काय? आमचे उत्तर असे की बीडमधील गुन्हा अज्ञानाच्या अंधारात झाला. ज्यांना आनुवंशिक धोक्याची कोणी विचारपूसही केली नाही, त्यांच्या पोटावर सुरी चालली. आणि ज्यांच्या तीन पिढ्या या रोगाने पोखरल्या, त्यांना कोणी चाचणीचे नावही सांगितले नाही. दोन्हीकडे बाईला विचारले गेले नाही, ही एकच गोष्ट समान आहे. लेखी अहवाल, तो मराठीत समजावून देणारा समुपदेशक आणि विचार करण्यास वेळ, या तीन गोष्टी असतील तर भीती विकणाऱ्याचे दुकान चालणार नाही.

चौथा आक्षेप कोणी उघड मांडत नाही, म्हणूनच तो सर्वांत बलवान. मुलीचे लग्न! पत्रिकेतील मंगळ आपण निःसंकोच विचारतो. आजीच्या कर्करोगाविषयी मात्र घरातल्या घरात आवाज खाली जातो. आमचे घर 'तसले' ठरेल या भीतीने थोरली बहीण धाकटीस सांगत नाही, आणि धाकटी पंचेचाळिसाव्या वर्षी रोगाच्या तिसऱ्या टप्प्यात दवाखान्यात पोचते. स्वतःविषयी न जाणण्याचा हक्क प्रत्येकास आहे, तो आम्ही मानतो. पण दुसऱ्याची माहिती दडपण्याचा हक्क कोणास दिला?

मालाडहून परळचे टाटा स्मारक रुग्णालय लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. अडचण आहे ती अंतराची नव्हे, संकोचाची आणि व्यवस्थेची. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अंडाशयाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णेला, घराण्याचा इतिहास असो वा नसो, ही चाचणी देऊ केली पाहिजे; जगातील प्रमुख मार्गदर्शक सूत्रे हेच सांगतात. चाचणी आधी रुग्णेची व्हावी. तिच्यात नेमका दोष सापडला की बहिणींची आणि लेकींची तपासणी सोपी होते, आणि ज्यांच्यात तो नसेल त्या आयुष्यभराच्या धास्तीतून सुटतात. सरकारी आरोग्य योजनांत चाचणीला व समुपदेशनाला स्पष्ट जागा हवी. आणि जनुकांवरून नोकरी वा आरोग्यविमा नाकारता येऊ नये असा कायदा अमेरिकेने २००८ साली केला. आपल्याकडेही तसा स्वतंत्र कायदा हवा.

कायदा होईल तेव्हा होईल. वाचकांनी तोवर एक काम करावे. येत्या गणपतीत घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ कागद घेऊन बसावे. आई आणि वडील दोघांच्याही बाजूच्या तीन पिढ्या लिहाव्यात. कोण, कोणत्या वयात, कशाने गेली ते विचारावे. कमी वयातला स्तनांचा, अंडाशयाचा, गर्भाशयाचा वा आतड्याचा कर्करोग दोन-तीनदा आढळला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. ती म्हातारी आज सांगू शकते. पुढच्या वर्षी ती असेलच असे नाही.