आधी मत, मागाहून चित्रपट

पुढील महिन्याचा चित्रपट सभासदांच्या बहुमताने निवडावा असा ठराव पिरंगुटच्या आमच्या चित्रपट-मंडळाने संमत केला, तेव्हा या रीतीने आपण पूर्वी पाहिलेलेच चित्रपट निवडू, आणि निवडल्यावर, ते पाहिलेलेच असल्यामुळे, पाहायला येणार नाही, असे भाकीत मी याच स्तंभात केले होते. त्याबद्दल लोकशाहीचा वैरी, संस्थानी वृत्तीचा मनुष्य, आणि एका पत्रलेखकाकडून सेवानिवृत्त मामलेदार, अशा पदव्याही मला मिळाल्या होत्या. गेल्या रविवारी त्या भाकिताचा निकाल लागला. मोबाइलवर झालेल्या मतदानात ‘शोले’, ‘बायसिकल थीव्हज’ आणि ‘संत तुकाराम’ असे तीन उमेदवार होते. ‘शोले’ प्रचंड बहुमताने निवडून आला, आणि तो दाखविण्यात आला त्या सायंकाळी त्याला मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मंडळी, पाहिलेला आहे या सबबीवर, घरीच राहिली. जी आली ती पडद्यावरील पात्रांच्या आधी त्यांचे संवाद म्हणून दाखविण्यात इतकी दंग झाली, की नंतरच्या चर्चेला विषयच उरला नाही. बटाटेवड्यांवर मात्र सविस्तर ऊहापोह झाला. इतिवृत्तात त्याची नोंद आहे.

‘शोले’शी माझे भांडण नाही. भांडण आहे ते निवडीच्या रीतीशी, आणि त्या रीतीचा पहिला बळी खुद्द ‘शोले’च ठरला असता. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या एकदोन आठवड्यांतच चित्रव्यवसायातील जाणत्यांनी त्याच्या अपयशाचा पंचनामा जवळजवळ उरकला होता. त्या आठवड्यात आमच्यासारखे मतदान झाले असते तर त्याची अनामत जप्त झाली असती. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला तो, ज्यांनी पाहिला त्यांनी न पाहिलेल्यांना सांगितले म्हणून. कलकत्त्यात १९५५ साली ‘पथेर पांचाली’चेही असेच झाले होते: आरंभी प्रेक्षागृह विरळ, आणि मग तोंडोतोंडी कीर्ती पसरून गर्दी. दोन्हीकडे दर्शन आधी झाले आणि मत मागाहून बनले. आम्ही हा क्रम उलटा केला आहे, आणि त्यास आम्ही सुधारणा म्हणतो.

कार्यकारिणीतील माझे स्नेही या उलट्या क्रमाच्या समर्थनार्थ लंडनच्या ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाचा दाखला देतात, कारण १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते जगभरच्या समीक्षकांचा कौल घेऊन सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी प्रसिद्ध करीत आले आहे. दाखला उत्तम आहे. फक्त तो त्यांच्याच विरुद्ध जातो. १९५२ मध्ये पहिला आला ‘बायसिकल थीव्हज’, ज्याला तयार होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती, आणि ‘सिटिझन केन’ला पहिल्या दहांत जागा नव्हती, तोच ‘केन’ १९६२ मध्ये पहिला आला आणि नंतरच्या चार कौलांत कोणालाही उठविता न येता तेथेच बसून राहिला, २०१२ मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला उठविले, आणि २०२२ मध्ये, मतदारांची संख्या सोळाशेंच्या पुढे गेल्यावर, शांताल आकरमान यांचा १९७५ चा ‘जान दिएलमान’ पहिला ठरला, ज्यात एक विधवा तीन तासांहून अधिक काळ आपले घरकाम करताना आणि बटाटे सोलताना आपल्याला पाहावी लागते. या सत्तर वर्षांत त्या चित्रपटांतील एक चौकटही बदललेली नाही. बदलत गेली ती मतदारयादी. शिवाय ते मतदार निदान पाहिलेल्या चित्रपटांना मत देतात. आमच्या सभासदांपैकी किती जणांनी ‘बायसिकल थीव्हज’ पाहून तो नाकारला, असा जाबसाल मी कार्यकारिणीला केला, तेव्हा सभा तहकूब झाली.

पण लंडन दूर आहे, आणि तेथील समीक्षकांचे सोहळे आपल्याला कितपत लागू पडतात याविषयी मी स्वतःच साशंक आहे. मला जो दाखला खरा बोलका वाटतो तो आपल्यासारख्याच एका भाताच्या मुलखातला आहे.

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे एक खेडे आहे. सुपारीच्या बागा, भाताची खाचरे आणि अमाप पाऊस एवढेच ज्याचे ऐश्वर्य, अशा त्या गावात १९४९ साली ‘नीनासम्’ ही नाट्यसंस्था निघाली, के. व्ही. सुब्बण्णा यांनी तिला नाटकापाशी थांबू न देता सत्तरच्या दशकात तिच्याच आश्रयाने चित्रपट-मंडळ उभे केले, आणि मग त्या पंचक्रोशीतील शेतकरी, शेतमजूर, शाळामास्तर व त्यांच्या घरची बायामाणसे यांच्यापुढे ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्हज’ आणि ‘राशोमोन’ यांसारखे चित्रपट ठेवले. कोणाचे मत कोणी मागितले नव्हते. मागितले असते तर एकही मत पडले नसते, कारण ‘बायसिकल थीव्हज’चा डी सिका किंवा ‘राशोमोन’चा कुरोसावा ही नावे त्या गावात कोणाच्या कानी पडण्याचे काही कारणच नव्हते. जे नावच ठाऊक नाही त्याच्यापुढे खूण कोण करणार? सुब्बण्णांनी कौल घेतला नाही. त्यांनी जबाबदारी घेतली. प्रेक्षकाला काय आवडते हे विचारण्याऐवजी प्रेक्षकाची योग्यता आधी गृहीत धरली, आणि हा विश्वास त्यांनी त्या माणसांची पदवी, भाषा किंवा उत्पन्न यांचा दाखला न मागता टाकला.

आता यातील खरी मेख ऐका. हेग्गोडूला ज्या रिळांच्या पेट्या गेल्या त्या पुण्याहून गेल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झाले. त्याचे दप्तर ज्यांनी शून्यातून उभे केले ते पी. के. नायर, आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपटाचा रसास्वाद हा विषय ज्यांनी रुजविला ते प्राध्यापक सतीश बहादूर, हे दोघेही हेग्गोडूच्या या उद्योगाचे पाठिराखे होते. हे संग्रहालय लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. पिरंगुटहून निघावे, घाट ओलांडावा, भुकूम, भूगाव आणि चांदणी चौक मागे टाकावे, आणि पौड रस्ता जेथे कर्वे रस्त्याला मिळतो तेथपर्यंत जावे. तेथून लॉ कॉलेज रस्ता हाकेच्या अंतरावर. म्हणजे ज्या रस्त्याच्या एका टोकाला आम्ही, जवळजवळ त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जगातले उत्तमोत्तम चित्रपट, आणि ते चित्रपट आमच्या दाराशी न येता पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून सुपारीच्या बागांत पोहोचले, कारण तेथे ते मागणारा एक मनुष्य होता आणि येथे अद्याप मतदान चालू आहे.

खेडुतांना ‘राशोमोन’ काय समजणार, असे विचारणारे महाभाग तेव्हाही होते आणि आमच्या मंडळात आजही आहेत. त्यांनी कधी पौडच्या मामलेदार कचेरीत एखाद्या बांधाच्या तंट्याची सुनावणी ऐकलेली दिसत नाही. एकाच बांधाविषयी चार साक्षीदार चार कैफियती देतात, चौघेही शपथेवर बोलतात, चौघांच्याही बोलण्यात स्वतःची अब्रू राखण्याची धडपड असते, आणि बांध मात्र जेथल्या तेथे निमूट पडून राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला कुरोसावाचा चित्रपट समजावून सांगण्यासाठी प्राध्यापकाची गरज नाही. सायकल चोरीस गेली की पोटाचे काय, ही अडचणही रोममधील मजुरापेक्षा खाचरात राबणाऱ्याला कमी कळते असे समजण्याचे कारण नाही. ‘सेल्युलॉइड मॅन’ या २०१२ च्या, नायर यांच्यावरील माहितीपटात हेग्गोडूचे ते प्रेक्षक आपल्याला भेटतात, आणि अनेक दशकांपूर्वी पाहिलेल्या चित्रपटांविषयी ते ज्या आपुलकीने बोलतात ती पाहून आमच्या मंडळातील पदवीधरांनी लाजावे. कारण ‘बायसिकल थीव्हज’विरुद्ध आमच्याकडे जी कारणे पुढे आली ती केवळ दोन होती: तो कृष्णधवल आहे, आणि खाली वाचावे लागते.

येथे खुर्च्यांचा विषय काढल्यावाचून माझ्याने राहवत नाही. वाचकांनी तो सोसावा, जसा त्यांनी यापूर्वीही सोसला आहे. आमच्या सभागृहात गेल्या वर्षी गुबगुबीत, पाठ मागे कलणाऱ्या खुर्च्या आल्या, आणि त्याच वर्षी मतदान आले. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही असे ज्यांना सिद्ध करावयाचे असेल त्यांनी खुशाल करावे. लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य चित्रपटाकडून काहीतरी मागतो, निदान आपल्या पाठीच्या मोबदल्यात. कलत्या खुर्चीतला मनुष्य काहीही न मागता निद्रेच्या ताब्यात जातो, आणि जागा झाल्यावर त्याला जे आठवते ते त्याने १९७५ साली पाहिलेले असते.

चित्रपट चिटणिसानेच निवडायचे, त्या जुन्या चिटणीसशाहीची पापे मला ठाऊक नाहीत असे मात्र कोणी समजू नये. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये राय यांच्याच अध्यक्षतेखाली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ आले, आणि पुढे गावोगावी चिटणीस नावाची एक स्वयंभू जात निर्माण झाली, जिच्या मुखत्यारीला हद्द नव्हती. वकिलाती फुकट देत म्हणून पोलंड, हंगेरी आणि झेकोस्लोव्हाकियाचे चित्रपट एकामागून एक दाखविले जात, आणि सभासद धुक्यातून चालणाऱ्या उदास माणसांकडे तीन तीन महिने निमूट पाहत. सोसायट्यांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट होती, आणि काही ठिकाणची सभासदसंख्या कलाप्रेमामुळे वाढली की त्या सुटीमुळे, याची चौकशी कोणी केली नाही, हेच बरे झाले. पण या दोषांसह त्या चिटणीसांनी एक गोष्ट केली: सभासदाने स्वप्नातही मागितले नसते असे काही त्याच्यापुढे आणून ठेवले. मतदान हे कधीही करू शकत नाही, कारण मतदान आपल्या आठवणीच्या कुंपणाबाहेर जात नाही.

‘संत तुकाराम’ला सर्वांत कमी मते पडली. आषाढीला दूरदर्शनवर लागणारा भक्तिपट, एवढ्यावर त्याची बोळवण झाली. दामले-फत्तेलालांचा हा १९३६ चा चित्रपट प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात, आज जेथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच आवारात तयार केला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे बाजूला ठेवू. त्यातील एकच प्रसंग घ्या. मुलगा आजारी पडला आहे, नवरा अभंगांत बुडालेला आहे, आणि जिजाई, म्हणजे गौरी ही नटी, त्या मुलाला ओढीत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबापुढे उभी राहते. तिच्या त्या पवित्र्यात बंड आहे की भक्ती, देवाला मारायला उचललेला हात हा नास्तिकाचा की हक्काच्या माणसावर रागावलेल्या घरधनिणीचा, आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा आकाशाकडे पाहत असताना दिग्दर्शकांचा कल संताकडे आहे की त्याच्या बायकोकडे, यावर एक सायंकाळ अपुरी पडेल. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग इतका अस्सल उतरला, की लोक तो गाथेत शोधू लागले. खरे आणि खऱ्यासारखे यांतील अंतर किती, यावर दुसरी सायंकाळ. ही चर्चा आम्ही बहुमताने नाकारली आहे.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे मी पुढील ठराव ठेवीत आहे. मंडळाने दरवर्षी एक चिटणीस निवडावा व त्या वर्षीच्या बाराही चित्रपटांची निवड त्याच्यावर सोपवावी. चित्रपट संपल्यावर आणि चर्चा झाल्यावर सभासदांनी मत द्यावे व ते मत इतिवृत्तात लिहिले जावे. आणि वर्षअखेर त्या मतांचा हिशेब समोर ठेवून चिटणिसाला ठेवावे किंवा काढावे. यात लोकशाही कोठेही कमी होत नाही. ती फक्त दाराबाहेरून सभागृहात येते. ज्यांना यात संस्थानी वृत्ती दिसते त्यांनी सभेत येऊन तसे सांगावे. ठरावाला अद्याप अनुमोदक मिळालेला नाही. नियमाप्रमाणे वर्गणी थकलेल्यांना मताचा अधिकार नाही, आणि थकबाकीदारांची यादी लांब आहे; तेव्हा त्यांनी ती आधी भरावी, आणि मग खुशाल माझ्या विरुद्ध मत द्यावे.

— पिरंगुटकर