बॉस, अक्रोड सांभाळा!

आमच्या जिममध्ये एक आयटीवाला येतो. वय बत्तीस, सॅकमध्ये शेकर, नॅपकिन आणि गोळ्यांचा एक भलामोठा डबा. परवा त्यातली एक पिवळीधम्मक कॅप्सूल त्याने चक्क मला ऑफर केली. ''व्हिटॅमिन ई. प्रोस्टेटसाठी एकदम बेस्ट!'' मला! ज्या बाईला प्रोस्टेटच नाही तिला! तो बिचारा लाजला, पण माझ्या कॉलमला विषय मिळाला.

तर प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली बसलेली, अक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. लघवीची नळी तिच्या मधून जाते, त्यामुळे वयाबरोबर ती फुगली की धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. ही वाढ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सर नसतो. पण खरा कॅन्सर बरेचदा सुरुवातीला काहीच लक्षणं दाखवत नाही. आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरांत पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरच्या यादीत तो बराच वर आहे.

आता त्या कॅप्सूलचं. अमेरिका आणि कॅनडात २००१ मध्ये 'सिलेक्ट' नावाची अवाढव्य ट्रायल सुरू झाली. ३५ हजारांहून जास्त पुरुष. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई घेतल्याने हा कॅन्सर टळतो का, एवढाच सवाल. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये पुढचे आकडे आले आणि सगळ्यांचीच विकेट गेली! रोज ४०० युनिट नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये हा कॅन्सर डमी गोळी घेणाऱ्यांपेक्षा १७ टक्के जास्त निघाला. आयटीवाल्याला हे सांगितलं. डबा अजून सॅकमध्येच आहे म्हणे.

टोमॅटोचीही अशीच हवा होती. १९९५ मध्ये हार्वर्डच्या एका अभ्यासात टोमॅटो सॉस जास्त खाणाऱ्यांना धोका कमी दिसला, पण नंतरच्या सगळ्या अभ्यासांनी मान डोलावली नाही. टोमॅटोचं सार मजेत प्या, विमा समजून नको.

मग उरतं काय? बोअरिंग गोष्टी. पोट. लठ्ठ पुरुषांमध्ये पुढच्या टप्प्यातल्या, घातक प्रोस्टेट कॅन्सरचा धोका वाढतो, हे आता बऱ्यापैकी पक्कं आहे. सिगरेट. हा कॅन्सर झालाच तर तो जिवावर बेतण्याची शक्यता ओढणाऱ्यांमध्ये जास्त. म्हणजे लिफ्ट सोडा, चहाच्या टपरीवरची ती 'एकच' सोडा.

आणि हो, ज्यासाठी मुलांनी इथपर्यंत वाचलंय ते. २०१६ मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात महिन्याला २१ किंवा जास्त वेळा वीर्यस्खलन होणाऱ्यांना ४ ते ७ वेळावाल्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी धोका दिसला. नुसतं निरीक्षण आहे हं, प्रिस्क्रिप्शन नाही!

माझं टेन्शन मात्र वेगळं आहे. बाप किंवा भाऊ यांच्यापैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर पुरुषाचा धोका दुपटीहून वाढतो. माझ्या मोठ्या काकांना तो दोन वर्षांपूर्वी निघाला. म्हणजे नंबर बाबांचा. मुलींनो, आपणही सुटलेलो नाही. बीआरसीए-२ या जीनमधला बिघाड घराण्यात असला तर पुरुषांना प्रोस्टेटचा, बायकांना स्तनाचा आणि बीजांडकोशाचा धोका, आणि तो जीन बाबांकडूनही येतो.

आमच्या घरात 'लघवी' हा शब्द कुणी उच्चारत नाही. तरी गेल्या रविवारी मी फोनवर विचारलंच.

''बाबा, रात्री किती वेळा उठता?''

''पाणी जास्त पितो गं.''

''किती वेळा?''

बराच वेळ शांतता. मग, ''चार. आईला सांगू नकोस.''

आई त्यांच्याच शेजारी झोपते, तिला सगळं माहीत आहे!

पीएसए ही रक्ताची साधी तपासणी, पण आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. साध्या वाढीनेही तो चढतो, इन्फेक्शननेही. उगाच बायोप्सीची धावपळ होऊ शकते. म्हणून करायची की नाही, कधी करायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, लॅबच्या पॅकेजमध्ये फुकट मिळते म्हणून नाही.

शनिवारी सकाळची अपॉइंटमेंट घेतलीय. दादा सोबत जाणार आहे, स्वतःचंही विचारून येणार आहे. दोन दिवस आधीपासून सायकल बंद, असं मी बाबांना बजावलंय. सायकलिंगनेही आकडा वर जाऊ शकतो. बाबा म्हणाले, ''मग दूध कोण आणणार?''